पिवळा रंग कुणाचा? सल्फोट्रान्स्फरेजचं प्रॅक्टिकल न चुकता कसं करावं

मराठवाड्यातल्या कॉलेजांत एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री आणि एम.फार्म.ची मुलं सल्फोट्रान्स्फरेजवर प्रोजेक्ट घेतात आणि परीक्षा तोंडावर आली की आकडे घेऊन येतात. आकडे छान असतात, ग्राफ सरळ असतो. ब्लँक, म्हणजे तुलनेची कोरी नळी, विचारला की मात्र डिस्टिल्ड वॉटरची नळी दाखवतात. इथेच सगळं कोसळतं. या प्रॅक्टिकलमध्ये शेवटी पिवळा रंग मोजायचा असतो, आणि पिवळा रंग देणारी निदान सहा कारणं त्याच नळीत हजर असतात. त्यातलं एकच आपलं.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांच्याकडे अल्ट्रासेंट्रीफ्यूज नाही, एलसी-एमएस (रेणू वेगळे करून वजनाने ओळखणारं यंत्र) नाही, पण रेफ्रिजरेटेड सेंट्रीफ्यूज, वॉटर बाथ, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि थोडी चिकाटी आहे.

पद्धत थोडक्यात अशी. सल्फोट्रान्स्फरेज हे एन्झाइम पॅप्स नावाच्या रेणूवरचा सल्फेट गट काढून दुसऱ्या रेणूवर बसवतं. शरीरात तो दुसरा रेणू पॅरासिटामॉल असेल, मिनॉक्सिडिल असेल, डोपामीन किंवा इस्ट्रोजेन असेल. सल्फेट देऊन झाला की पॅप्सचा पॅप होतो. आपण नळीत पॅप थोडासाच टाकतो आणि सल्फेटचा साठा म्हणून पॅरा-नायट्रोफिनाइल सल्फेट (पुढे पीएनपीएस) भरपूर टाकतो. एन्झाइम पीएनपीएसवरचा सल्फेट पॅपवर घेतं, पॅप्स तयार होतं, आणि तोच सल्फेट २-नॅफ्थॉलवर जातो. प्रत्येक फेरीत पॅरा-नायट्रोफिनॉलचा (पीएनपी) एक रेणू सुटतो, आणि अल्कलीत तो पिवळा दिसतो.

टप्पा १: मोजायचंय काय, ते आधी लिहून काढा

विषयाच्या नावात "डोपामीन" असेल तर इथेच थांबा आणि आधी शेवटचा टप्पा वाचा. पिवळ्या रंगाची ही पद्धत डोपामीनसाठी नाही.

माणसात औषधांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त नाव येतं ते सल्ट १ए१चं (सल्ट हे सल्फोट्रान्स्फरेजचं लघुरूप). ते यकृतात भरपूर असतं आणि साध्या फिनॉलवर झपाट्याने काम करतं. डोपामीनवर काम करतं ते सल्ट १ए३. ते आतड्यात भरपूर, मोठ्या माणसाच्या यकृतात मात्र नगण्य. ही दोन्ही प्रथिनं अमिनो आम्लांच्या क्रमाने जवळजवळ ९३ टक्के सारखी आहेत, पण १४६व्या जागेवर सल्ट १ए३मध्ये ग्लुटामिक आम्ल आहे आणि सल्ट १ए१मध्ये अलॅनिन. डोपामीनच्या धनभारित नायट्रोजनला धरून ठेवायला ते ग्लुटामिक आम्ल लागतं.

आणखी एक, ज्यावर व्हायव्हात नेमके अडकतात: रॅट आणि माउसमध्ये सल्ट १ए३ नसतंच. त्यांच्यात डोपामीनवर काम करणारं सल्ट १डी१ आहे, आणि माणसात त्याचा जनुक निकामी झालेला आहे. तेव्हा "रॅटच्या यकृतातल्या सल्ट १ए३वर अमुक वनस्पतीचा परिणाम" हे शीर्षक गाईडच्या सहीपर्यंत पोचू देऊ नका.

सरावासाठी आणि फिनॉलच्या कामासाठी बोकडाची कलेजी चांगली. सहज मिळते आणि प्राणी मारावा लागत नाही, तरी विभागाकडून लेखी परवानगी घेऊन ठेवा. डुकराचं यकृत घेऊ नका. डुकरात सल्फेट जोडण्याची क्षमता मुळातच कमी असते.

तपासणी: तुमच्या वहीत "एन्झाइमचा स्रोत, फिनॉल कोणतं, तुलना कशाशी" या तीन ओळी लिहिलेल्या आहेत? नसतील तर रसायनांची ऑर्डर देऊ नका.

टप्पा २: रसायनं मागवताना होणारे घोळ

सगळ्यांत महागडी चूक पॅपची. हवं असतं ते अडेनोसिन ३',५'-डायफॉस्फेट. कॅटलॉगमध्ये त्याच पानावर अडेनोसिन २',५'-डायफॉस्फेट असतं, सायक्लिक एएमपी असतं आणि साधं एडीपी तर असतंच. "एडीपीच आहे, स्वस्त मिळालं" म्हणून आणलेली बाटली या कामाला शून्य उपयोगाची. पावतीवर ३',५' आणि डायफॉस्फेट हे दोन्ही शब्द वाचल्याशिवाय बाटली ताब्यात घेऊ नका. थेट पॅप्स आणलं तरी चालतं, पण ते महाग आहे, नाजूक आहे, आणि विकतच्या पॅप्समध्ये थोडं पॅप मिसळलेलं बऱ्याचदा सापडतं.

पीएनपीएस पोटॅशियम मीठ म्हणून मिळतं. ५० मिलिमोलरसाठी दर मिलिलिटरला १२.९ मिलिग्रॅम. त्याच दिवशी करा. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. पिवळसर झाक असली तर त्यात पीएनपी आधीच सुटलेलं आहे. हा प्रश्न नुसत्या डोळ्यांवर सोडू नका. नळीत शेवटी, अल्कली घातल्यावर, पीएनपीएस २.५ मिलिमोलर उरतं. त्याचा शंभरावा भाग जरी मोकळा असला तरी एन्झाइम न टाकताच ओडी (नळी किती प्रकाश शोषते त्याचा आकडा) ०.४५ येते. मुलं त्यालाच "स्ट्राँग ॲक्टिव्हिटी" म्हणतात.

२-नॅफ्थॉल पांढरं किंवा किंचित मळकट असावं. तपकिरी झालेली जुनी बाटली बाजूला ठेवा. १० मिलिमोलरसाठी मिलिलिटरला १.४४ मिलिग्रॅम, डीएमएसओ या द्रावकात. इथेनॉलमध्ये विरघळतं म्हणून इथेनॉल वापरू नका. इथेनॉललाही ही एन्झाइमं थोडाफार सल्फेट जोडतात, मग मोजताय काय ते कळत नाही.

बफर दोन लागतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. यकृत वाटायला ट्रिस-सुक्रोज, रिॲक्शनला फॉस्फेट (१०० मिलिमोलर, पीएच ७.०). फॉस्फेटचा एक फायदा असा की लायसोसोममधली (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमधली) अरिलसल्फटेज एन्झाइमं त्याने दबतात. अरिलसल्फटेज म्हणजे या प्रॅक्टिकलचा घरभेदी: ते पीएनपीएस सरळ फोडून पिवळा रंग देतं, पॅप-बिप काही न मागता.

सावधान: जुन्या कृतींमध्ये ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराईड असतं. या एन्झाइमांना धातूची सक्त गरज नाही. मॅग्नेशियम ठेवलंत आणि शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड टाकलंत की नळी दुधाळ होते. तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. यंत्र दुधाळपणालाही ओडी म्हणूनच वाचतं. मॅग्नेशियम वगळा.

टप्पा ३: उन्हाळ्याचा बंदोबस्त

पुस्तकातलं "रूम टेम्परेचर" म्हणजे २२ ते २५ अंश. एप्रिल-मे महिन्यात नांदेड, परभणी, लातूरच्या लॅबमध्ये पंखा चालू असूनही भिंतीवरचा थर्मामीटर चाळीसच्या पुढे असतो. त्यामुळे होणारे तीन घोटाळे पुस्तकात सापडणार नाहीत.

पहिला ट्रिसचा. त्याचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ने बदलतो. ४० अंशांच्या खोलीत ७.४ला आणलेला बफर फ्रीजमध्ये ४ अंशांवर गेला की ८.४ होतो. म्हणून ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला पीएच लावा: बीकर बर्फात ठेवून, मीटरही त्याच तापमानाला कॅलिब्रेट करून.

दुसरा वॉटर बाथचा. साध्या बाथमध्ये फक्त हीटर असतो, कूलिंग नसतं. ३७ला सेट केलेला बाथ ४१ अंशांच्या खोलीत ३७वर राहूच शकत नाही. लाल दिवा बंद दिसतो, आपण समजतो तापमान स्थिर आहे. बाथच्या डिस्प्लेवर विसंबू नका, काचेचा थर्मामीटर सोडा. बर्फाचे खडे टाकून तापमान धरता येतं, पण त्यापेक्षा सकाळी सहाला रिॲक्शन लावलेली बरी. या एन्झाइमांच्या उष्णता सोसण्याच्या चाचण्या चाळिशीच्या वरच्याच तापमानाला घेतात. आपली दुपार म्हणजे फुकटात लागलेली तीच चाचणी.

तिसरा विजेचा. डीप फ्रीझरमध्ये पॅपचं द्रावण एकाच मोठ्या नळीत ठेवू नका. ५० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्या करा आणि त्या थर्माकोलच्या डब्यात घालून डबा फ्रीझरच्या तळाशी ठेवा. चार तास लाईट गेली तरी गोठलेल्या राहतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर यूपीएसवर हवाच. अर्धी रीडिंग झाल्यावर वीज गेली तर परत चालू झालेला दिवा स्थिरावेपर्यंतची रीडिंग टाकून द्या.

बर्फ: बर्फ कारखान्यातून अर्धी लादी आणा, गोणपाटात गुंडाळून फोडा, आणि ट्रेमध्ये बर्फ भरल्यावर थोडं पाणी ओता. नुसत्या खड्यांवर टेकवलेल्या नळीच्या चारी बाजूंनी हवाच असते, ती थंड होत नाही.

टप्पा ४: कलेजीपासून सायटोसॉलपर्यंत

सल्फोट्रान्स्फरेज पेशीच्या सायटोसॉलमध्ये, म्हणजे विरघळलेल्या भागात असतं. अरिलसल्फटेज ए आणि बी लायसोसोममध्ये, तर सी मायक्रोसोमच्या, म्हणजे पेशी वाटल्यावर होणाऱ्या बारीक पिशव्यांच्या, पडद्यांत. सी या प्रकाराला फॉस्फेटने दाबता येईल अशी आशा धरू नका, त्याला काढूनच टाकावं लागतं. म्हणून हा टप्पा नीट झाला तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: पहाटेचं ताजं, पित्ताची पिशवी न फोडता. पित्त सांडलेली कलेजी हिरवट दिसते. तो भाग कापून टाकू नका, आख्खी कलेजी बदलून घ्या, कारण पित्तक्षार पडदे विरघळवतात आणि मायक्रोसोममधलं एन्झाइम सायटोसॉलमध्ये उतरतं. दुकानातच पिशवीत थंड सलाईन घालून कलेजी बर्फात ठेवा.

लॅबमध्ये आल्यावर लहान तुकडे करा आणि थंड सलाईनमध्ये धुवा, पाणी लालसर यायचं कमी होईपर्यंत. हा कंटाळवाणा भाग बहुतेक जण उरकतात. पण हिमोग्लोबिन नेमकं ४०५ ते ४१५ नॅनोमीटरला जोरात प्रकाश शोषतं, म्हणजे आपल्या पिवळ्याच्याच जागेवर. पिवळ्याचा हा आणखी एक वाटेकरी.

मग १० ग्रॅम तुकडे आणि ३० मिलिलिटर थंड बफर (०.२५ मोलर सुक्रोज, १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १ मिलिमोलर डीटीटी हे क्षपणक). टेफ्लॉनच्या दांड्याच्या होमोजिनायझरमध्ये, बर्फात बुडवून, थांबत थांबत वाटा. घरच्या मिक्सरमध्ये फेस येतो, गरम होतं आणि लायसोसोम फुटतात. मिक्सर नको.

सेंट्रीफ्यूज लावताना आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) आणि जी (गुरुत्वाच्या पटीतला जोर) यांची गल्लत करू नका. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर १०,००० आरपीएम म्हणजे सुमारे ८,९०० जी. तुमच्या रोटरची त्रिज्या मोजा आणि हिशेब करा: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग.

पहिली फेरी १०,००० ते १२,००० जी, २० मिनिटं, ४ अंशांवर. वर चरबीचा पांढरा थर येतो, खाली गाळ. मधला द्रव पिपेटने हळूच काढा. चरबीचा थर ढवळला तर परत फिरवा, "एवढं चालतं" म्हणू नका.

इथपर्यंतच्या द्रवात मायक्रोसोम आहेतच. अल्ट्रासेंट्रीफ्यूज मिळत असेल तर १,०५,००० जी वर एक तास. नसेल तर कॅल्शियमची युक्ती: ढवळत ढवळत कॅल्शियम क्लोराईड शेवटी ८ मिलिमोलर होईल इतकं थेंबथेंब घाला, बर्फात १५ मिनिटं ठेवा. मायक्रोसोम एकमेकांना चिकटतात आणि २५,००० जीच्या आसपास १५ ते २० मिनिटांत खाली बसतात. हा मार्ग घेणार असाल तर वाटायच्या बफरमध्ये ईडीटीए घालू नका, ते कॅल्शियम गिळून टाकतं. आणि बफर फॉस्फेटचा असेल तर कॅल्शियम फॉस्फेटचाच साका खाली बसेल, मायक्रोसोमचा नव्हे. दोन बफर वेगळे ठेवायला सांगितलं ते यासाठी.

आता मीठ काढणं. सेफाडेक्स जी-२५चा तयार कॉलम असेल तर २.५ मिलिलिटर घाला आणि ३.५ मिलिलिटर बफरने उतरवून घ्या. यातून कॅल्शियम जातं, आणि यकृतातलं स्वतःचं पॅप, पॅप्स आणि बारीकसारीक फिनॉलही जातात. ते आत राहिले तर "पॅप न टाकलेली नळी" हा कंट्रोल उरतच नाही. कॉलम नसेल तर थंड बफरमध्ये रात्रभर डायलिसिस, बफर दोनदा बदलून.

प्रथिन ब्रॅडफर्ड पद्धतीने मोजा. डीटीटी असल्यामुळे लोवरी आणि बीसीए दोन्ही वाढीव आकडा देतात. मग १० टक्के ग्लिसरॉल घालून छोट्या नळ्यांत वाटा आणि उणे ८०ला ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

तपासणी: सायटोसॉल पारदर्शक, फिकट लालसर-पिवळा दिसतो का? ६०० नॅनोमीटरला ओडी जवळजवळ शून्य हवी. गढूळ असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: स्टँडर्ड कर्व्ह

पीएनपीचं १ मिलिमोलर द्रावण (१०० मिलिलिटरमध्ये १३.९ मिलिग्रॅम). नळ्यांमध्ये ०, २, ५, १०, २० आणि ४० नॅनोमोल, फॉस्फेट बफरने ५०० मायक्रोलिटर करा, वर ५०० मायक्रोलिटर ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. ४०५ला वाचा. अल्कलीत पीएनपीचा मोलर शोषणांक सुमारे १८,००० आहे, तेव्हा १० नॅनोमोलच्या नळीला ०.१८च्या आसपास यायला हवं. लॅबमध्ये फिल्टरचा कलरीमीटर असेल आणि जवळचा फिल्टर ४२०चा असेल तर १८,००० हा आकडा विसरा, फक्त तुमचा कर्व्ह वापरा. मायक्रोप्लेट रीडरचंही तेच, तिथे प्रकाशाची वाट १ सेंटिमीटर नसते.

पीएच ७ला पीएनपी अर्धंमुर्धंच पिवळं असतं, म्हणून अल्कली न घालता घेतलेली रीडिंग कर्व्हशी जुळत नाही.

टप्पा ६: नळ्यांची मांडणी

सगळं या टप्प्यावर ठरतं. एका नळीत एकूण ५०० मायक्रोलिटर:

फॉस्फेट बफर २५०, पीएनपीएस (५० मिलिमोलर) ५०, पॅप (४० मायक्रोमोलर) ५०, २-नॅफ्थॉल (१० मिलिमोलर, डीएमएसओत) ५, पाणी ९५, आणि शेवटी सायटोसॉल ५०.

नळी अ: सगळं.
नळी ब: पॅप वगळून, त्याऐवजी पाणी.
नळी क: २-नॅफ्थॉल वगळून, त्याऐवजी नुसतं डीएमएसओ.
नळी ड: सगळं, पण सायटोसॉल पाच मिनिटं उकळलेलं.
नळी इ: सगळं, पण आधी सोडियम हायड्रॉक्साइड आणि नंतर सायटोसॉल. ही शून्य मिनिटाची नळी.

प्रत्येकी तीन. "अ" तीन आणि बाकी एकेक, असं नको. वजाबाकी करणार असाल तर ज्यातून वजा करतो आणि जे वजा करतो, दोन्हींची खात्री सारखीच लागते.

या नळ्या एकमेकींशी कशा बोलतात ते बघा. "इ" सांगते की रसायनांचा आणि सायटोसॉलचा मूळचा रंग किती. "ड" सांगते की एन्झाइम मेल्यावरही किती रंग येतो. "ब" आणि "इ" यांतला फरक म्हणजे अरिलसल्फटेज: पॅप नसतानाही सुटलेलं पीएनपी. हा फरक "अ"च्या निम्म्याहून जास्त असेल तर टप्पा ४ परत करा, हिशेबाच्या युक्त्या शोधत बसू नका.

"क" थोडी गमतीची आहे. तिच्यात सल्फेट घ्यायला नॅफ्थॉल नाही, पण पॅप आहे. त्या पॅपचं पॅप्स होताना पीएनपी सुटतंच. मात्र नळीत पॅप आहे फक्त २ नॅनोमोल, त्यामुळे ही वाढ जास्तीत जास्त ०.०३६ ओडीपर्यंत जाऊन थांबायला हवी. "क" ही "ब"पेक्षा त्याहून बरीच वर गेली तर तुमच्या सायटोसॉलमध्ये स्वतःचं फिनॉल शिल्लक आहे आणि कॉलम नीट चाललेला नाही. पॅपची मात्रा मुद्दाम कमी ठेवली आहे ती याच तपासणीसाठी. "जास्त टाकलं तर जास्त चालेल" म्हणून ती वाढवू नका.

टप्पा ७: रिॲक्शन लावणं

सायटोसॉल सोडून सगळ्याचं मास्टर मिक्स करा. ५ मायक्रोलिटर डीएमएसओ प्रत्येक नळीत वेगळं टाकत बसलात तर तिथेच दहा टक्के फरक पडतो. "ब" आणि "क" यांचं मिक्स वेगळं. नळ्या ३७ अंशांवर तीन मिनिटं, मग सायटोसॉल घालून सुरुवात. सायटोसॉल आधी पॅप आणि नॅफ्थॉलसोबत ठेवून पीएनपीएसने सुरुवात करू नका. एन्झाइम, पॅप आणि फिनॉल यांचा एक अडकलेला समूह बनतो आणि एन्झाइम त्यातून लवकर सुटत नाही.

नळ्यांमध्ये ३० सेकंदांचं अंतर ठेवा, थांबवतानाही तेच. ५०० मायक्रोलिटर सोडियम हायड्रॉक्साइड, एकदा व्होर्टेक्स, दहा मिनिटांत रीडिंग. प्रत्येक नळी ६००लाही वाचा. तिथे आकडा आला तर गढूळपणा आहे, त्या नळीवर विश्वास नाही.

किती वेळ ठेवायचं? पहिल्या दिवशी फक्त हेच शोधा: ०, ५, १०, २०, ३० मिनिटं, आणि प्रथिन २५, ५० व १०० मायक्रोग्राम. नळीत नॅफ्थॉल आहे ५० नॅनोमोल. त्यातलं दहा टक्के, म्हणजे ५ नॅनोमोल संपलं की वेग घटायला लागणार. कर्व्हवर ते ०.०९ ओडी. म्हणजे "अ वजा क" ०.०९च्या आत राहील एवढाच वेळ आणि एवढंच प्रथिन. बटबटीत पिवळी नळी फोटोला छान दिसते, पण तिच्यातून वेग काढता येत नाही.

नॅफ्थॉल वाढवून बघायचं असेल तर पायरीपायरीने वाढवा. ही एन्झाइमं फिनॉल जास्त झालं की उलट मंदावतात. मायकेलिस-मेंटेनचा ठरावीक (वेग वाढत जाऊन सपाट होणारा) ग्राफ येईल असं धरून चाललात तर वरून खाली येणारे बिंदू "चुकीचे" म्हणून खोडून टाकाल, आणि नेमकी खरी गोष्ट हातची जाईल.

टप्पा ८: हिशेब

समजा अ = ०.१५२, क = ०.०६२. फरक ०.०९०. कर्व्हवरून ५ नॅनोमोल. वेळ १० मिनिटं, प्रथिन ०.१ मिलिग्रॅम. ५ ÷ १० ÷ ०.१ = मिनिटाला, मिलिग्रॅममागे ५ नॅनोमोल. (आकडे हिशेबासाठी घेतलेत, तुमच्याशी जुळवू नका.)

चुका इथे होतात त्या दोन. कर्व्ह मायक्रोमोलरमध्ये आणि रिॲक्शन नॅनोमोलमध्ये, मग ५०० मायक्रोलिटर की १ मिलिलिटर यात गोंधळ. दोन्ही "नळीमागे नॅनोमोल" ठेवा, प्रश्नच मिटतो. दुसरी: अ − ब − क − इ असं सगळं वजा करणं. "क"मध्ये "इ"चा रंग आणि अरिलसल्फटेजचा वाटा आलेलाच आहे, तोच पुन्हा वजा करायचा नाही.

प्रबंधात "शेळीच्या यकृतातील फिनॉल सल्फोट्रान्स्फरेज क्रियाशीलता" एवढंच लिहा. "सल्ट १ए१" असं लिहायला शुद्ध केलेलं प्रथिन किंवा अँटिबॉडीचा पुरावा लागतो.

टप्पा ९: हळद, कांदा आणि इतर अर्क तपासताना

वसमतची हळद हाताशी आहे, कांद्याचं साल फुकट मिळतं, तेव्हा हे प्रोजेक्ट होणारच. विषय योग्यच आहे: कांद्यातलं क्वेर्सेटिन आणि हळदीतलं कर्क्युमिन, दोन्ही माणसाच्या सल्ट १ए१ला परीक्षानळीत चांगलंच रोखतात. अडचण रंगाची. कर्क्युमिन मुळात पिवळं, सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की लालभडक होतं आणि मिनिटागणिक विघटित होत जातं. क्वेर्सेटिनही अल्कलीत गडद पिवळं होऊन हवेने बदलतं. प्रमाण म्हणून वापरला जाणारा रोधक डीसीएनपी हा स्वतः नायट्रोफिनॉल आहे, तोही पिवळा.

म्हणून अर्काच्या प्रत्येक मात्रेला तिची स्वतःची "क" आणि "इ" नळी. एकच ब्लँक सगळ्या मात्रांना लावला तर अर्क जितका जास्त तितकी "ॲक्टिव्हिटी" वाढलेली दिसते, आणि मुलं "हळद एन्झाइमला चालना देते" असं लिहून मोकळी होतात. अर्काचा स्वतःचा रंग ०.३ ओडीच्या वर जात असेल तर ही पद्धत सोडा, एचपीएलसीवर नॅफ्थिल सल्फेट मोजा.

दुसरा धोका टॅनिनचा. बाभूळ, हिरडा, डाळिंबाचं साल यांच्या अर्कात टॅनिन भरपूर, ते कुठल्याही प्रथिनाला गोळा करून खाली बसवतं. एन्झाइम "रोखलं गेलं" असं वाटतं, प्रत्यक्षात ते नळीच्या तळाशी असतं. थोडं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालून परत करा. रोध नाहीसा झाला तर तो टॅनिनचा होता.

टप्पा १०: डोपामीनच करायचं असेल तर

डोपामीन अल्कलीत टाकलं की ऑक्सिडाइज होऊन काळपट-तपकिरी होतं. पिवळं मोजायचा प्रश्नच येत नाही. किरणोत्सारी सल्फर-३५ लावलेलं पॅप्स वापरायची पद्धत चांगली आहे: बेरियमने उरलेलं पॅप्स खाली बसतं, डोपामीन सल्फेट वर राहतं. पण त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि सल्फर-३५चं अर्धायुष्य ८७ दिवस असल्याने मागवलेली बाटली सुट्टीत पडून राहिली तर गेली. व्यवहार्य मार्ग म्हणजे रिॲक्शन आपल्याकडे लावायची, आम्लाने थांबवायची, थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल घालून गोठवायची आणि नमुने एलसी-एमएस असलेल्या संस्थेत पाठवायचे. मोजताना ३-ओ आणि ४-ओ अशी दोन डोपामीन सल्फेट वेगळी दिसली पाहिजेत. माणसाच्या रक्तात ३-ओ जास्त असतं. इथे पीएनपीएस नाही, त्यामुळे पॅप्स पुरेसं आणि ताजं लागतं.

एन्झाइमचा स्रोत माणसाच्या प्लेटलेट, कारण त्यांच्यात सल्ट १ए१ आणि १ए३ दोन्ही असतात. त्यासाठी एथिक्स कमिटीची मान्यता आणि रक्त देणाऱ्याची लेखी संमती आधी. दोन्ही वेगळे ओळखायला डीसीएनपीची कमी मात्रा वापरा: १ए१ तिच्यापुढे लगेच झुकतं, १ए३ बरंच टिकून राहतं. उष्णतेला उलट: १ए३ आधी जातं.

प्लेटलेटसाठी कलेजीची सवय विसरा. सायट्रेटच्या नळीत घेतलेलं रक्त बर्फात ठेवायचं नाही, थंडीने प्लेटलेट जाग्या होतात आणि गोळा होतात. २०० जी वर १० ते १५ मिनिटं, ब्रेक न लावता, २२ अंशांच्या आसपास. एसी नसलेल्या लॅबमध्ये मे महिन्यात हे होत नाही. सेंट्रीफ्यूजचं कूलिंग २२ला लावा आणि नळी रक्तपेढीतून आणताना डब्यात बर्फाऐवजी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली ठेवा. वरचा धुरकट पिवळा थर काढताना पांढऱ्या पेशींच्या पट्ट्याच्या जरा वरच थांबा. गोळा केलेल्या प्लेटलेट धुऊन झाल्या, की मग बर्फ आणि मग सोनिकेशन.